रॉयला मराठीत आणायचं तर असं आणा : चित्रकथा छापणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत मुलांची मासिकं चालवणारे संपादक आणि चित्रकथा छापणारे प्रकाशक यांस,

सस्नेह नमस्कार.

'रॉय ऑफ द रोव्हर्स' या ब्रिटिश फुटबॉल-चित्रकथेचा नायक रॉय रेस मराठीत यावा असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि तो कसा यावा याबद्दल आमचं मत ठाम आहे. जुन्या भागांचा जाडजूड, महागडा संग्रह काढू नका. २०१८ साली नव्याने सुरू झालेला सोळा वर्षांचा रॉय आणा, तो मासिकातून क्रमशः छापा, आणि दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी छापा. रद्दीच्या दुकानांतून आणि पदपथावरच्या ढिगांतून रॉयची गोष्ट छापणाऱ्या 'टायगर'चे अंक शोधून वाचणारी पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. तिला रॉयची ओढ आहे, आम्हालाही आहे. पण त्या ओढीवर फार तर एक आवृत्ती खपेल. नवा वाचक त्यातून घडणार नाही.

हे पत्र अनुवाद करणाऱ्यांनी, संवादांच्या फुग्यांत अक्षरं बसवणाऱ्यांनी आणि रॉयच्या जुन्या वाचकांनी मिळून लिहिलं आहे. त्यामुळे यात कामाच्या गोष्टी जास्त आहेत. तरी आधी रॉयची थोडी ओळख, कारण तुमच्या कार्यालयातल्या तरुण सहकाऱ्यांना ती लागेल.

रॉय पहिल्यांदा दिसला ११ सप्टेंबर १९५४ रोजी, 'टायगर' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात. फ्रँक पेपर यांनी तो लिहिला, जो कोहून यांनी काढला. मिल्स्टन नावाच्या लहानशा युथ क्लबकडून खेळणारा हा पोरगा आणि त्याचा मित्र ब्लॅकी ग्रे मेल्चेस्टर रोव्हर्स या क्लबच्या माणसाच्या नजरेत भरतात, तिथून गोष्ट सुरू होते. डाव्या पायाची जबरदस्त किक, लाल-पिवळा शर्ट, मेल पार्कचं मैदान. २५ सप्टेंबर १९७६ पासून त्याच्याच नावाचं वेगळं साप्ताहिक निघालं आणि मार्च १९९३ मध्ये ते बंद पडेपर्यंत त्याचे ८५१ अंक झाले.

एवढी वर्षं ते चाललं याचं मोठं कारण वेळापत्रकात आहे. गोष्टीतला मोसम खऱ्या मोसमाबरोबर चालायचा. ऑगस्टमध्ये लीग सुरू, हिवाळ्यात चिखल आणि धुकं, मे महिन्यात कपची फायनल. मुलगा शनिवारी आपल्या गावच्या संघाची मॅच बघायचा आणि आठवडाभर रॉयच्या मॅचची वाट बघायचा. एका अंकात दोन-तीन पानं मिळायची, त्यामुळे मॅच अर्ध्यावर तुटायची. कॉर्नर हवेत आहे, रॉयने उडी घेतली आहे, आणि पुढचं पुढच्या आठवड्यात. बंगालीत हे फार आधी ओळखलं गेलं. 'आनंदमेला'त 'रोव्हर्सेर रॉय' आणि 'शुकतारा'त 'बिलीर बूट' क्रमशः छापून आले, आणि त्या पिढीचे बंगाली वाचक आजही ही दोन नावं आपल्याच घरातल्या माणसांची असावीत तशी घेतात. 'बिलीज बूट्स' या दुसऱ्या ब्रिटिश चित्रकथेतल्या बिली डेनला जुन्या काळच्या 'डेड शॉट' कीनचे बूट सापडतात. ते पायात असले की तो अफलातून खेळतो आणि नसले की त्याचा खेळ साधारण होतो. कलकत्त्याच्या मुलाला हे समजायला इंग्लंड पाहावं लागलं नाही.

१९८० नंतर रॉयच्या कर्त्यांनी कथा रंगवण्यासाठी वाढते धक्के दिले. डिसेंबर १९८१ मध्ये रॉयवर गोळी झाडली गेली. तो भाग आम्हाला चांगला वाटतो, कारण रॉय बेशुद्ध पडलेला असतानाही फुटबॉल थांबलं नाही. १९६६ चा विश्वचषक इंग्लंडला मिळवून देणारे आल्फ रॅम्झी गोष्टीत येऊन संघ सांभाळतात. पण १९८५ मध्ये पॉप बँडमधले दोन खरे वादक रोव्हर्सच्या संघात आले, १९८६ मध्ये बास्रान नावाच्या काल्पनिक देशात बॉम्बस्फोटात आठ खेळाडू मारले गेले, आणि १९९३ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून रॉयचा डावा पाय घोट्यापासून गेला. या टप्प्यावर वाचक मैदान सोडून बातमीची वाट बघू लागतो. तुमच्याकडेही कधी ना कधी कुणीतरी सुचवेल की एखाद्या भागात मराठी सिनेमातला नट पाहुणा म्हणून घालू या. कृपा करून घालू नका.

ऑक्सफर्डच्या रिबेलियन कंपनीने २०१६ मध्ये जुन्या ब्रिटिश कॉमिक्सचा मोठा साठा विकत घेतला, त्यात रॉयही आला. २०१८ मध्ये त्यांनी जुनी गोष्ट पुढे न ओढता ती पुन्हा पहिल्यापासून मांडली. नवा रॉय सोळा वर्षांचा आहे. वडील गंभीर आजारातून उठलेले आहेत आणि त्यांची देखभाल रॉयला करावी लागते. मेल्चेस्टर रोव्हर्स घसरत घसरत लीग टूमध्ये पोचला आहे, क्लबच्या तिजोरीत पैसा नाही, आणि म्हणून पोरांना पहिल्या संघात घेण्यावाचून इलाज नाही. जुन्या कॉमिक्समधले केव्हिन माउस आणि 'हार्ड मॅन' जॉनी डेक्स्टर इथे मॅनेजर आणि कोच म्हणून येतात. ज्याने जुनं वाचलंय त्याला ओळख पटते, ज्याने वाचलं नाही त्याचं काही अडत नाही. पुनरुज्जीवन कसं करावं याचा इतका चांगला नमुना आमच्या माहितीत दुसरा नाही.

आता कामाकडे येऊ.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की नव्या रॉयची गोष्ट दोन प्रकारच्या पुस्तकांत विभागलेली आहे. टॉम पामर यांच्या कादंबऱ्या, लिसा हेन्के यांच्या चित्रांसह, आणि रॉब विल्यम्स यांनी लिहिलेली व बेन विल्शर यांनी काढलेली चित्रकथांची पुस्तकं. ही एकाआड एक वाचायची आहेत : 'स्काउटेड' कादंबरी, मग 'किक-ऑफ' चित्रकथा, मग 'टीमवर्क', 'फाउल प्ले', 'प्ले-ऑफ' आणि 'गोइंग अप'. कुणी फक्त चित्रकथांचे हक्क घेतले तर मोसमाचे तुकडेच हाती येतील आणि मधल्या महिन्यांत काय झालं हे मुलाला कळणार नाही. मासिकाला मात्र ही रचना सोयीची आहे. चार महिने सचित्र कादंबरीची प्रकरणं, पुढचे चार महिने चित्रकथा, असा क्रम आपोआप बसतो आणि रंगीत पानांचा खर्च वर्षभर अंगावर येत नाही.

चित्रकथा क्रमशः छापताना एक अडचण येते. जुना रॉय दोन-तीन पानांच्या हप्त्यांसाठीच लिहिला जायचा, प्रत्येक हप्त्याच्या शेवटी अडकवणारं चित्र असायचं. नवा रॉय सलग पुस्तक म्हणून लिहिलेला आहे. संपादकाने 'दर अंकी सहा पानं' असा हिशेब लावून कात्री चालवली तर निम्मे हप्ते ड्रेसिंग रूममधल्या गप्पांवर संपतील. म्हणून आधी पूर्ण पुस्तक समोर ठेवून तोडायच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठरवा. मग एका अंकात पाच पानं येतील, दुसऱ्यात नऊ. येऊ द्या. मॅच चालू असताना तोडणं उत्तम, मॅच सुरू होण्याआधी तोडणं ठीक, मॅच संपल्यावर तोडणं वाईट. डावीकडचं पान आणि उजवीकडचं पान मुळात जसं आहे तसंच राहिलं पाहिजे, कारण पान उलटल्यावर धक्का बसावा अशी चित्रं मुद्दाम डाव्या पानाच्या सुरुवातीला ठेवलेली असतात. मध्ये जाहिरात घातलीत की हा क्रम बिघडतो, म्हणून जाहिरात हप्त्याच्या आधी किंवा नंतर घ्या. प्रत्येक हप्त्याच्या डोक्यावर मागच्या गोष्टीच्या दोन ओळी हव्यात, पंचवीस शब्दांच्या आत, आणि त्यात गुणतक्त्यातला क्रमांक नक्की असावा. 'रोव्हर्स खालून तिसरे' एवढं वाचलं की मुलाला पुढच्या मॅचचं वजन कळतं.

फुग्यांतली अक्षरं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि मराठी चित्रकथा तिथेच बिघडते. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक सगळी अक्षरं मोठ्या लिपीत असतात. त्यांना वर-खाली काही लागत नाही, त्यामुळे दोन ओळी अगदी चिकटून बसतात आणि फुगाही तसाच आखलेला असतो. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. त्याच फुग्यात तेवढ्याच ओळी कोंबल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो आणि 'र्कू'सारखं अक्षर वाचताच येत नाही. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या निदान सव्वापट, जमलं तर १.३५ पट ठेवा. फुग्याच्या कडेपासून शिरोरेघ दूर हवी. ती कडेला टेकली की फुगा फाटल्यासारखा दिसतो. नऊ पॉइंटाच्या खाली जाऊ नका. बाराव्या वर्षीचे डोळे तेज असतात, पण स्वस्त कागदावर शाई थोडी पसरतेच.

मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते. 'मॅनेजरसाठी', 'प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध', 'पहिल्यासारखंच' हे अख्खे शब्द एका अरुंद, उभ्या फुग्यात मावत नाहीत, आणि शब्द तोडून पुढच्या ओळीत नेणं वाचणाऱ्याला खटकतं. यावर दोनच उपाय आहेत. एक, फुगाच थोडा आडवा करायचा, त्यासाठी हक्कांच्या मालकाकडून चित्र आणि फुगे वेगवेगळ्या थरांत असलेल्या फायली मागायच्या. दोन, वाक्य बदलायचं. 'प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध' जाऊन 'त्यांच्यासमोर' आलं की जागा मिळते आणि बोलणंही खरं वाटतं. आमचा धडा असा आहे की एका फुग्यात पंधरा-अठरा शब्दांवर जायचं नाही आणि अनुवादकाने फुग्याचं माप समोर ठेवूनच लिहायचं. आधी सगळा अनुवाद वर्डमध्ये करून मग तो बसवायला दिला की बसवणारा आपल्या अकलेने शब्द गाळतो आणि 'नाही'सारखा महत्त्वाचा शब्दच पहिला जातो.

इंग्रजीत जोर द्यायच्या शब्दाला ठळक आणि तिरकं करतात. देवनागरी संगणकावर तिरकी केली की रफार आणि वेलांटी भलतीकडे झुकतात. जोर द्यायचा तर वजन वाढवा किंवा आकार वाढवा, तिरपं करू नका. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवू नका, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. पानं जुळवायला इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जोडणारी त्यातली सोय) लावला आहे ना, हे पहिल्याच पानावर तपासा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसेल. फॉन्टसाठी पैसे नाहीत हे कारण आता चालत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' मुक्त परवान्यावर मिळतात. संवादाला 'मुक्ता', आरोळ्या आणि आवाजांना 'बालू'ची जाड वजनं, एवढ्यावर चांगलं काम होतं.

आवाजांचं म्हणाल तर बॉलला लाथ बसल्याचा, बारला आदळल्याचा आणि जाळीत गेल्याचा आवाज मराठीत वेगवेगळा लिहा. 'धाड्', 'ठण्ण', 'सर्र'. हे शब्द चित्राचा भाग असतात. वेगळ्या थरातली फाइल मिळाली तर इंग्रजी आवाज काढून मराठी घालता येतो. मिळाली नाही तर इंग्रजी तसाच राहू द्या, पण पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मराठी लिहू नका.

बोलण्याच्या भाषेबद्दल आमचं सांगणं साधं आहे. पात्रांच्या तोंडी मैदानावरचे शब्द द्या आणि चौकटीतल्या निवेदनाला वर्तमानपत्राचे. खेळाडू 'बॉल', 'पास', 'गोली', 'कॉर्नर', 'रेफ्री' म्हणतात. निवेदनात 'बचावफळी', 'बरोबरी', 'उत्तरार्ध', 'जादा वेळ' शोभतं. 'चेंडू माझ्याकडे दे' असं मॅचमध्ये कुणी ओरडत नाही, 'दे, दे, इकडे!' एवढंच ओरडतात. संबोधनंही पहिल्याच भागात ठरवून टाका आणि शेवटपर्यंत पाळा. मॅनेजर आणि कोचला रॉयने 'सर' म्हणावं, जसं आपल्याकडच्या कुठल्याही मैदानावर म्हणतात. बरोबरीच्या खेळाडूंना अरे-तुरे. वडिलांना 'बाबा', आणि त्यांच्याशी 'तू' करून बोलावं, कारण त्या घरात रॉय त्यांना आधार देऊन उठवतो-बसवतो, तिथे 'तुम्ही' आला की अंतर पडतं.

गावाची, माणसांची नावं बदलू नका. मेल्चेस्टरचं कोल्हापूर आणि रॉयचा राजू केलात तर चित्रातला पाऊस, विटांची घरं, हिवाळी कोट यांच्याशी मेळ बसणार नाही. आपल्या वाचकाने डेंकालीच्या जंगलातला वेताळ वर्षानुवर्षं आनंदाने वाचला आहे.

पण परक्या गोष्टी समजावून मात्र सांगा. 'लीग टू' वाचून मूल समजतं की ही दुसरी पायरी. ती चौथी आहे : प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन आणि मग लीग टू. चोवीस संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले तीन थेट वर जातात, चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे संघ प्ले-ऑफ खेळतात आणि त्यातला एक वर जातो. तळाचे दोन लीगमधून बाहेर पडतात. हे कळलं नाही तर 'प्ले-ऑफ' आणि 'गोइंग अप'मधला जीव जातो. पहिल्या हप्त्यासोबत अर्ध्या पानाचा शिडीसारखा तक्ता द्या आणि दर अंकात त्यात रोव्हर्सची जागा दाखवा.

फुटबॉलच्या चुका मुलं लगेच पकडतात. 'तीस यार्डांवरून' याचं 'तीस मीटरवरून' करू नका. क्रिकेटच्या बावीस यार्डांमुळे यार्ड सगळ्यांना ठाऊक आहे, तोच ठेवा. फ्री-किकला भिंत दहा यार्डांवर असते, म्हणजे ९.१५ मीटर. पेनल्टीची खूण ११ मीटरवर. थ्रो-इन, गोल-किक आणि कॉर्नरवर थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतो, आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असलेला खेळाडूही ऑफसाइड नसतो. अनुवादक फुटबॉल बघणारा नसेल तर छपाईआधी पानं एखाद्या शाळेच्या किंवा क्लबच्या कोचला वाचायला द्या. एका संध्याकाळचं काम आहे.

आणि चित्र कधीही आरशासारखं उलटं करू नका. मुखपृष्ठावर डावीकडे मथळा हवा म्हणून सजावटकार खेळाडूचं तोंड फिरवतात. रॉय डावखुरा आहे. चित्र फिरलं की तो उजव्या पायाने किक मारतो आणि शर्टावरचा आकडाही उलटा होतो. ज्या पायाभोवती पन्नास-साठ वर्षांची गोष्ट फिरली तोच पाय चुकवणं रॉयच्या वाचकाला सहन होणार नाही.

जुना रॉय पूर्ण टाळा असं आम्ही म्हणत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा एक जुना हप्ता द्या, काळा-पांढराही चालेल. तो देताना मात्र नियमांची टीप हवीच. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडू १९६५-६६ च्या मोसमापासून आला. त्याआधीच्या गोष्टीत पाय मुरगळलेला खेळाडू लंगडत विंगवर उभा राहतो, तो लेखकाचा अतिरेक नाही, तेव्हाचं वास्तव आहे. विजयाला तीन गुण १९८१ पासून मिळू लागले, त्याआधी दोन मिळत, म्हणून जुन्या गुणतक्त्यांची बेरीज आजच्या मुलाला चुकलेली वाटते. स्वतःच्याच खेळाडूने पायाने दिलेला बॉल गोली हाताने उचलतो असं १९९२ च्या आधीच्या चित्रांत दिसतं, तेही तेव्हा नियमात होतं. आणि १९६१ पर्यंत खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. एकाच क्लबशी बांधून राहणाऱ्या नायकाची कल्पना त्या काळात का रुजली, याचा थोडा उलगडा यातून होतो.

जुन्या पानांची मूळ चित्रं अनेकदा उरलेली नसतात आणि छापील अंकावरूनच स्कॅन करावं लागतं. मालकाकडे चांगली फाइल असेल तर तीच घ्या. नसेल तर पानामागे काळा कागद ठेवून स्कॅन करा, म्हणजे मागच्या बाजूची छपाई उमटत नाही. निदान ६०० डीपीआयला करा आणि मग लहान करा. ठिपक्यांची छटा कमी रेझोल्यूशनला स्कॅन केली की पानभर लाटा दिसतात. बांधीव खंड दाबून सपाट करायला जाऊ नका, शिवण तुटते. आतल्या कडेची चित्रं वाकडी येत असतील तर दुसरी प्रत शोधा. कागदाचा पिवळेपणा काढताना रेषा पातळ होऊ देऊ नका. थोडा पिवळसरपणा राहिला तरी चालतो, रेष गेली तर चेहरा जातो.

कागदाबद्दल थोडक्यात. चित्रकथेची रंगीत पानं ९० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो कागदाच्या खाली नकोत, ७० ला मागचं चित्र दिसतं. नव्या रॉयचे रंग संगणकावर भरलेले आहेत आणि गुळगुळीत कागद गृहीत धरून भरलेले आहेत. आपल्या खरखरीत कागदावर ते काळवंडतात, विशेषतः रात्रीच्या मॅचची चित्रं. छपाईआधी मधल्या छटा दहा-पंधरा टक्के उजळा आणि एका पानाची चाचणी त्याच मशीनवर, त्याच कागदावर काढा. पिवळट छटेचा कागद मुळीच घेऊ नका. रोव्हर्सचा पिवळा त्यात विरघळतो आणि लाल-पिवळा शर्ट नुसता लाल दिसतो.

हक्क मागताना मराठी भाषेचे हक्क जगभरासाठी मागा, कारण पुणे-मुंबईइतकीच गरज लंडन आणि न्यू जर्सीतल्या मराठी शाळांना आहे. मासिकातून क्रमशः छापण्याचा हक्क, पुस्तकाचा हक्क आणि डिजिटल हक्क हे तीन वेगळे असतात. तिघांचा उल्लेख करारात स्वतंत्रपणे हवा. मुदत पाच वर्षांपेक्षा कमी घेऊ नका, कारण सहा पुस्तकं मासिकातून द्यायलाच दोन-अडीच वर्षं जातील आणि नंतर पुस्तकरूपाने ती विकायला वेळ उरला पाहिजे. मराठी पानं मालकाने मंजूर करण्याची अट बहुधा असते, तिला दर खेपेला महिनाभर धरा. परदेशी कंपनीला मानधन पाठवताना कर कापावा लागतो. दोन देशांमधल्या कर-करारातला सवलतीचा दर मिळण्यासाठी त्यांचं कर-रहिवासी प्रमाणपत्र लागतं, ते सही करतानाच मागून ठेवा. मागाहून मागितलं की पहिला हप्ता अडकतो आणि पाठोपाठ फायलीही अडकतात.

आता रॉयच्या बहिणीबद्दल, रॉकीबद्दल, आणि हा आमचा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे. जुन्या गोष्टीत बायका होत्या त्या घरात किंवा कार्यालयात. रॉयची बायको पेनी ही आधी क्लबचीच सेक्रेटरी. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. रॉयचा जन्म त्या बंदीच्या काळातला आहे. नव्या गोष्टीत रॉयची बहीण रॉकी स्वतः मेल्चेस्टरकडून खेळते, तिच्यावर स्वतंत्र पुस्तकंही आहेत. त्या पुस्तकांचे हक्क रॉयच्या हक्कांबरोबरच घ्या आणि मुखपृष्ठावर तिला तिची पाळी द्या. 'मुलींसाठी' असा वेगळा कोपरा करून तिला तिथे ढकलू नका. २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत आणि गोव्यात झाले. ते बघून खेळू लागलेल्या मुली आज तुमच्या वाचकवर्गाच्या वयाच्या आहेत.

रॉय रुळला की मराठीतला स्वतःचा फुटबॉलनायक लिहून घ्या, त्याला कोल्हापूर पुरून उरेल. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालमींच्या आणि पेठांच्या नावाने खेळणारे संघ, शाहू स्टेडियमची गच्च भरलेली गॅलरी, एकाच घरातले दोन भाऊ समोरासमोर. अनिकेत जाधव याच मातीतून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण ते लिहिणाऱ्याला आणि काढणाऱ्याला क्रमशः चित्रकथेचा हात बसायला हवा, आणि तो रॉयचे हप्ते तोडता-जोडताना, फुगे बसवताना बसेल. म्हणून अनुवादाचं काम तरुण लेखक-चित्रकारांना द्या आणि त्यांची नावं पहिल्या पानावर छापा.

वेळेचा हिशेब असा. पहिला हप्ता जूनच्या अंकात यावा, शाळा उघडताना. त्यासाठी मेच्या पहिल्या आठवड्यात पानं छपाईला जायला हवीत, मार्चमध्ये मंजुरीला, जानेवारीत अनुवाद सुरू, आणि करार नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत हातात. 'स्काउटेड'ची प्रकरणं जून ते सप्टेंबर, 'किक-ऑफ' ऑक्टोबरपासून. म्हणजे दिवाळी अंकात मुलांच्या हाती रंगीत चित्रकथा पडेल आणि त्या वेळी इंग्लंडचा मोसमही ऐन भरात असेल. तुमच्यापैकी एकट्याला हे परवडत नसेल तर दोघांनी मिळून घ्या, एकाने मासिकाचे हक्क आणि दुसऱ्याने पुस्तकाचे.

फुटबॉलच्या शब्दांची यादी, संबोधनांचा तक्ता आणि फुग्यांच्या मापांचा नमुना आम्ही तयार केला आहे. जो कुणी ऑक्सफर्डला पहिलं पत्र पाठवेल त्याला हे सगळं विनामोबदला देऊ, आणि पहिल्या तीन हप्त्यांची मुद्रितंही तपासून देऊ.

आपले,
रॉयचे काही मराठी वाचक, अनुवादक आणि अक्षरजुळणीकार